टाळ्या तुमच्या, डोके त्याचे!

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावावा आणि मगच फराळाला बसावे, अशी आपली जुनी चाल आहे. त्या चालीच्या आधाराने मी आज वाचकांच्या पानात एक कडू विषय वाढणार आहे. विषय मुष्टियुद्धाचा आहे. माझी तक्रार खेळणाऱ्यांविरुद्ध मुळीच नाही. ती आहे खेळविणाऱ्यांविरुद्ध आणि टाळ्या वाजविणाऱ्यांविरुद्ध. साक्षीला मी उभा करतो तो खुद्द एक जगज्जेता, इंग्लंडचा फ्रेडी मिल्स.

मिल्सचा जन्म १९१९ सालचा, बोर्नमथजवळच्या पार्कस्टोनचा. गरिबाघरचा पोरगा. आधी दूधवाल्याकडे उमेदवारी केली आणि सोळाव्या वर्षी, १९३६ साली, पैशासाठी मुष्टियुद्धात उतरला. सोळा वर्षे! माझ्या मॅट्रिकच्या वर्गातली पोरे या वयाची असतात. जत्रेतल्या तंबूत उभे राहायचे आणि गर्दीतला जो कोणी आव्हान देईल त्याच्याशी ठोसे खेळायचे, हे त्याचे विद्यापीठ. बचाव कसा करावा हे त्या विद्यापीठात फारसे शिकवीत नसत. मार खावा आणि पुढे सरकावे, एवढाच तिथला धडा. तो मिल्सने असा पाठ केला की लोक त्याला 'निर्भय फ्रेडी' म्हणू लागले.

महायुद्धात तो वायुदलात होता. १९४२ साली लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर त्याने लेन हार्वी या नामांकित योद्ध्याला दुसऱ्याच फेरीत दोरांमधून रिंगणाबाहेर फेकले. आता तो लाइट हेवीवेट गटात, म्हणजे १७५ पौंडांच्या आतल्या गटात, ब्रिटनचा अजिंक्यवीर ठरला. इथपर्यंतची कथा कोणत्याही मुलाला खुशाल सांगावी. खरी कथा यापुढे आहे आणि ती मात्र कोणी सांगत नाही.

१४ मे १९४६. लंडनच्या हॅरिंगे सभागृहात जगज्जेता अमेरिकन गस लेस्नेविच याच्याशी सामना. दुसऱ्या फेरीत मिल्स चार वेळा खाली पडला आणि चारही वेळा उठला! पुढे त्याने लेस्नेविचलाही घाम फोडला. पण दहाव्या फेरीत लढत थांबवावी लागली. असा मार खाल्लेल्या माणसाला किती विश्रांती मिळाली असेल? अवघी २१ दिवस! ४ जूनला त्याला पुन्हा रिंगणात उभे केले, आणि कोणापुढे? ब्रूस वुडकॉकपुढे, वरच्या वजनाच्या गटातल्या मल्लापुढे! बारा फेऱ्या तो उभा राहिला आणि गुणांवर हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जो बाक्सी या आणखी एका वजनदार अमेरिकनापुढे त्याला सहा फेऱ्यांनंतर हार पत्करावी लागली. आमच्याकडचा गाडीवान थकलेल्या बैलालाही एवढ्या लवकर पुन्हा जुंपत नाही!

तरीही हा पठ्ठ्या २६ जुलै १९४८ रोजी व्हाइट सिटी मैदानावर पंधरा फेऱ्या लढून लेस्नेविचला हरवतो आणि जगज्जेता होतो. त्याच्या हिमतीला माझा मुजरा आहे. पण पुढचे ऐका. पुढल्याच वर्षी पुन्हा वजनदार वुडकॉकशी गाठ. चौदाव्या फेरीत मिल्स गारद. २४ जानेवारी १९५० रोजी अर्ल्स कोर्टला जोई मॅक्सिमने दहाव्या फेरीत त्याला आडवे केले. जगज्जेतेपद गेले, तीन दात गेले आणि रिंगणही सुटले. वय तीस, खाती शंभराच्या आसपास लढती, आणि डोकेदुखी सोबतीला. १९६५ च्या जुलैत, वयाच्या ४६ व्या वर्षी, लंडनमधल्या आपल्या नाइटक्लबमागे मोटारीत तो गोळी लागून मेलेला सापडला. चौकशीत आत्महत्या ठरली. त्या मरणाचे खापर मी मुष्टियुद्धावर फोडत नाही. त्याची मला गरजच नाही. माझा खटला १९४६ च्या त्या २१ दिवसांवरच उभा आहे.

त्याचा व्यवस्थापक टेड ब्रॉडरिब हा स्वतः जुना मुष्टियोद्धा. पुढे मिल्स त्याचा जावईही झाला. सामने भरविणारा जॅक सॉलोमन्स हा लंडनचा बडा आसामी. यांना काय कळत नव्हते? डोक्यावरच्या माराने मुष्टियोद्ध्याचा मेंदू बिघडतो हे मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९२८ सालीच लिहून ठेवले होते; म्हणजे मिल्स उतरला त्याच्या आठ वर्षे आधी! पुढे १९६९ साली ब्रिटनमध्ये मिल्सच्याच पिढीच्या २२४ माजी व्यावसायिकांची तपासणी प्रसिद्ध झाली; त्यांतल्या शेकडा सतरा जणांच्या मज्जासंस्थेत या खेळाने केलेली इजा आढळली. दुसऱ्याच्या डोक्यावर मिरे वाटणे ही आपल्याकडे म्हण आहे. लंडनात तो धंदा होता!

"पण तो स्वखुशीने लढला ना?" असे विचारणारे शहाणे नेहमी भेटतात. सोळा वर्षांच्या, दुधाच्या बरण्या वाहणाऱ्या पोराची स्वखुशी! ज्याला पुढचा धोका कोणी सांगितला नाही, त्याच्या खुशीला काय किंमत?

दुसरे म्हणतात, "मास्तर, तुमच्या कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्तीत हाडे मोडत नाहीत काय?" मोडतात, बाबांनो. पण तिथे पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. हाड मोडण्याचे गुण मिळत नाहीत. इथे समोरच्याच्या मेंदूला भोवळ आणणे हाच सर्वांत मोठा विजय! रिंगणात पंच खाली पडलेल्या माणसापुढे दहापर्यंत आकडे मोजतो. पोरांना दहापर्यंत मोजायला शिकवण्यात माझे आयुष्य गेले. पण शुद्ध हरपलेल्या माणसावर मोजायला हे आकडे आहेत, असे मला कधी वाटले नाही.

आणि नियमांची गंमत पाहा. कमरेखाली ठोसा मारला तर तो गुन्हा! का? तर तिथे इजा होते म्हणून! मग डोक्यात काय नारळाचे खोबरे भरले आहे? जो नियम पोटाखालच्या भागाला संरक्षण देतो, तोच मेंदूला उघड्यावर टाकतो. एडिथ समरस्किल या डॉक्टर असलेल्या संसद सदस्येने याच खेळाविरुद्ध १९५६ साली अख्खे पुस्तक लिहिले आणि पुढे संसदेत बंदीचा प्रयत्नही केला. सभागृहाने तो उडवून लावला. बाईला काय कळते पुरुषांच्या खेळातले, असाच एकूण सूर!

माझी मागणी साधी आहे. पैशासाठीच्या मुष्टियुद्धात डोक्यावरचा ठोसा कमरेखालच्या ठोशाइतकाच निषिद्ध करा. खेळाची मजा जाईल, असे म्हणाल? मग मजा कशात होती, ते तुम्हीच कबूल केलेत!

आता आपल्या घराकडे वळू. ऑलिंपिकची पदके येऊ लागल्यापासून आपलीही मुले-मुली हातमोजे घालू लागली आहेत. घालू द्या. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करा. मात्र मुलगा किंवा मुलगी सामना खेळून घरी आली की "किती जिंकलीस?" हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, "डोक्याला किती लागले?" आणि प्रशिक्षक म्हणाले, "चालेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरवू," तर त्यांना मिल्सचे ते २१ दिवस सांगा. चार वेळा पडून उठणाऱ्याचे धैर्य त्याचे स्वतःचे असते. पाचव्यांदा त्याला उठू न देण्याचे धैर्य मात्र आपल्याला दाखवावे लागते.