आटोमॅटिक गाडी आणि शिशाचा धूर

‘आटोमॅटिक’ हा शब्द मला पहिल्यापासूनच संशयाचा वाटतो. आटोमॅटिक म्हणजे आपोआप. म्हणजे कोणाचा हात लागत नाही. या देशात अशी आपोआप होणारी कामं रगड आहेत. गटारं आपोआप उपसली जातात. मेलेलं ढोर आपोआप गावाबाहेर जातं. धक्क्यावर जहाज आपोआप रिकामं होतं आणि शेठच्या गोदामात माल आपोआप जाऊन बसतो. मोटारीनं तेवढं वेगळं कशाला वागावं?

आमचं शिरपूर जैन, वाशीम जिल्हा, तालुका मालेगाव (नाशिकचं नव्हे, आमचं). गावात अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देऊळ. मूर्ती जमिनीला टेकत नाही म्हणतात, म्हणून अंतरिक्ष. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्या भांडणात या देवळाला १९८१ साली कुलूप लागलं ते २०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं निघालं. बेचाळीस वर्षं. भांडणाचं मूळ काय? व्यवस्था कोणाची, आणि मूर्तीची झीज झाली की तिला लेप कोणी द्यायचा. म्हणजे दुरुस्तीचा हक्क. १९२९ साली हे प्रकरण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेलं. पैसेवाल्यांना कळतं बरं का मित्रांनो, की दुरुस्ती ही साधी गोष्ट नाही. जो दुरुस्त करतो त्याचा वस्तूवर हक्क सांगता येतो. फक्त आपल्या वेळेस ते विसरतात.

देऊळ उघडल्यावर गावात गाड्या वाढल्या. गेल्या उन्हाळ्यात मी गावी होतो तेव्हा एक आली, साठच्या दशकातली इम्पाला. आटोमॅटिक. खड्ड्यात आपटली, रेडिएटरची खालची टाकी चेपून तडकली, पाणी रस्त्यावर. मालेगावहून रेडिएटरचा कारागीर आणला. मालक म्हणाला, वरून डाक मार, मला निघायचंय.

कारागिरानं काठीवर काढून गिअरचं तेल बघितलं. लाल असायला पाहिजे ते गुलाबी झालेलं. दुधात सरबत घातल्यासारखं. तो म्हणाला, “मालक, तेलात पानी गेलं. आता इंजन चालू करू नोका.”

“तुले काय समजते बे याच्यातलं? कितवी शिकला?”

या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नीट समजून घ्या, कारण यात सगळं राजकारण आहे.

आपली अँबेसेडर, पद्मिनी हातानं गिअर टाकायच्या गाड्या. त्यांच्या रेडिएटरमध्ये फक्त पाणी. आटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला तेलातून जाते. तेल घुसळून तापतं. ते थंड करायला गिअरबॉक्सपासून दोन नळ्या रेडिएटरपर्यंत येतात आणि टाकीच्या पोटात बसवलेल्या एका छोट्या पितळी कूलरमधून तेल फिरतं. काही गाड्यांत खालच्या टाकीत, काहींत बाजूच्या. बाहेर पाणी, आत तेल, मध्ये पातळ पत्रा. तो पत्रा तडकला की इंजिन चालू असताना तेल पाण्यात जातं, वर तवंग येतो. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब उतरतो, पण गरम पाण्याचा दाब राहतो. मग पाणी तेलात शिरतं. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचप्लेटवर अस्तर डिंकानं चिकटवलेलं असतं. पाण्यानं तो डिंक सुटतो. वरून कितीही चकाचक डाक मारा, आतला कूलर फुटका राहिला तर गिअरबॉक्स गेलाच.

काही शहाणे कूलर बाद करून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतात. गाडी चालते. उन्हात, चढावर, थोडे दिवस. मग तेल जळतं.

आठवी नापास माणसाला हे ठाऊक होतं. त्यानं रेडिएटर उतरवला. नळ्यांची तोंडं बंद केली, हवा भरली, हौदात बुडवला. बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. मग कूलरला वेगळी हवा दिली, तिथूनही बुडबुडे. टाकी गॅसच्या ज्योतीवर तापवून जुना डाक वितळवला, टाकी सोडवली. बारीक नळ्यांतून सळी मारून गाळ काढला. कूलर बाहेर काढून झाळला, परत हवा देऊन बघितला. जस्त टाकून मारलेल्या तेजाबानं पितळ घासलं, कथील-शिशाचा डाक देऊन टाकी बसवली. तेलाच्या नळ्या धुतल्या. नवं तेल घातलं, गाडी फिरवली, ते काढून टाकलं, परत घातलं. दोन दिवस गेले. त्याच्याबरोबर बारा-तेरा वर्षांचा एक पोऱ्या होता. ज्योत धरायला.

आता ही गाडी शहरात प्रदर्शनात उभी राहील. मालक टोपी घालून शेजारी उभा राहून सांगेल, मी रिस्टोअर केली. मी! इंग्रजी पेपर छापेल. च्यायला, ज्यानं कूलर झाळला त्याचं नाव कुठंय? बिलावर. तिथेही नाव नाही, ‘लेबर’ लिहिलेलं.

सरकारचंही तसंच. २०२१ साली केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. गाडी पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली असली की वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची खास नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ अशी खूण. वारसा म्हणे. आणि मुंबईची काळीपिवळी पद्मिनी? वीस वर्षं झाली की भंगार. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. त्या गाडीवर एकेका घरानं पोरं शिकवली. ती वारसा नाही. हौसेनं फिरते ती वारसा, पोटासाठी फिरते ती कचरा. धुराचं कारण सांगू नका, धूर मलाही कळतो. नियम कोणाला सवलत देतो ते बोला.

धुराचंच बोलायचं तर शिशाचं बोला. डाकात शिसं असतं. ज्योत मारली की त्याची वाफ आणि भुकटी अंगावर, भाकरीवर, नाकात. पोट दुखतं, रक्त कमी होतं, हात लुळे पडतात, पोराचं डोकं कायमचं मंद होतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कळवायलाच पाहिजे अशा रोगांची यादी होती, तिच्यात पहिला नंबर शिशाच्या विषबाधेचा. पण फॅक्टरी कोणती? मूळ कायद्यात, विजेवर काम आणि दहा माणसं असतील ती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते दहाचे वीस झाले. रस्त्याकडेच्या पत्र्याखाली माणसं असतात दोन. एक कारागीर, एक पोऱ्या. कायद्याच्या लेखी तिथं कोणी श्वासच घेत नाही.

आपल्यातलेच काही म्हणतील, हातकामाचं कौतुक कशाला? बाबासाहेबांनी ढोरं ओढणं सोडायला सांगितलं, शिका म्हणाले. बरोबर. पण ढोर ओढणं जातीनं लादलेलं होतं. यंत्रावरचं काम जातीनं आपल्याला नाकारलेलं होतं. गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्यांना घेत नसत. का? तर धोट्यातून सूत तोंडानं ओढायला लागायचं आणि आमची थुंकी सवर्ण विणकराला बाटवेल म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवली. १९३६ साली त्यांनी लिहिलं की जात ही नुसती श्रमाची वाटणी नव्हे, श्रमिकांचीही वाटणी आहे. यंत्र बिनजातीचं नसतं, दोस्तांनो. आजही गॅरेजात नळीला तोंड लावून तेल ओढणारा कोण आणि गल्ल्यावर बसून पैसे मोजणारा कोण, नुसतं जाऊन बघा. आडनावं विचारा.

तेव्हा मला कौतुक नको. त्या पोऱ्याला शाळा पाहिजे आणि शाळेनंतर आयटीआयचा कागद पाहिजे. कारागिराच्या रक्तातलं शिसं सरकारी दवाखान्यात फुकट तपासलं गेलं पाहिजे. शेडला उघडी भिंत, हात धुवायला नळ, डाक मारायच्या जागेपासून लांब भाकरी खायची जागा. आणि बिलावर ‘लेबर’च्या जागी माणसाचं नाव. पन्नास वर्षांच्या गाडीला खास नंबर देता येतो, तर वीस वर्षं शिसं हुंगणाऱ्याला ओळखपत्र द्यायला काय मरण येतं?

शिरपूर, मालेगाव, रिसोड, वाशीम इथल्या, नाहीतर मुंबईत नागपाड्याच्या, कुर्ल्याच्या गॅरेजात काम करणाऱ्या पोरांनी आपल्या कामाविषयी लिहून पाठवावं. काय काम, किती तास, किती पैसे, शेठ काय बोलतो, सगळं. शुद्धलेखन आम्ही तपासत नाही. तेलाचे डाग पडलेला कागदही चालेल.