साडीवरून गाळलेले झाड

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चित्रकलेवर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण हा विषय मला सुरतेच्या कापडधंद्यात सापडला.

सुटीत मामांकडे गेलो होतो. ते उधन्याला एका छपाई कारखान्यात आहेत. तिथे वारली नक्षीच्या साड्या छापून पडल्या होत्या. काठावर तारपा वाजवणारा, नाचणारी माणसे, पुन्हा तारपावाला, पुन्हा माणसे. झाड कुठेच नाही. नक्षी जुळवणाऱ्याला विचारले, तर म्हणाला, "झाड उंच असतं, काठात बसत नाही. माणसं बसतात."

हिशेब बरोबर आहे. पण सुरतेहून मुंबईची गाडी धरली की वापीच्या पुढे डहाणू लागते. तिथे वारली घरात लग्न निघाले की सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघाट देवी, झाडापिकांची. तिच्यावाचून लग्न लागत नाही. या चित्रांत झाड भिंतभर आणि त्यावर चढणारा माणूस मुंगीएवढा. शाळेत आम्ही नेमके उलटे काढायचो. माणूस कागदभर आणि कोपरा उरला म्हणून एक आंबा! तारप्याचा नाचही पीक हाती येण्याच्या दिवसांतला.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतर ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. (बायकांची कला पुरुषाच्या नावाने गाजली, असे आमच्या वर्गातल्या मुली म्हणतीलच. असो.) २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते. चित्रातले काय गाळू नये, हे त्यात कोण लिहिणार?

कोणी म्हणेल, बाजार म्हटला की कातर आलीच. मान्य. मामांचा पगार त्याच काठातून निघतो आणि एका वर्षी माझी फीसुद्धा त्यातूनच भरली गेली. साडी विकण्याला माझा विरोध नाही. पण झाड गाळून वर 'वारली' अशी चिठ्ठी लावणे मला पटत नाही. काठात बसत नसेल, तर पदरावर बसेल. पदर रिकामाच होता. साचा वेगळा करावा लागेल, साडीमागे थोडे पैसे वाढतील, एवढेच.

कन्नडमध्ये झाडाला 'मर' म्हणतात. आमच्या घरी दोन्ही भाषा. लहानपणी मराठी आजी रागाने "मर" म्हणाली, की मी अंगणातल्या पेरूकडे बघायचो.

पदराचे मी मामांना बोलून दाखवले. "नक्षी दुसरे ठरवतात, आम्ही छापतो," ते म्हणाले. निघताना आईसाठी त्यातलीच एक साडी त्यांनी माझ्या हाती दिली. आईला ती फार आवडली आहे.