बाजारातल्या ट्रकला बाजाराचंच वावडं

आमच्या भागातल्या शेतकरी आठवडे बाजारात तो फूड ट्रक उभा राहायला लागल्यापासून ‘तिथलं खाल्लंत की नाही?’ असं जो भेटेल तो विचारतो. म्हणून या रविवारी भाजीच्या पिशव्या भरायच्या आधीच त्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. लोडेड फ्राइज घेतले, कॉर्न-चीज सँडविच घेतलं. चवीला दोन्ही चांगलं होतं. फ्राइज कुरकुरीत, काम करणारी पोरं चटपटीत, हातात मोजे, डोक्यावर टोप्या, ओटा लखलखीत. पुण्यातल्या कित्येक हॉटेलांच्या मुदपाकखान्यांनी तिथं येऊन स्वच्छता शिकावी. तरीही मी तिथून चिडून निघालो आणि ती चीड अजून गेलेली नाही.

खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. एका पोरानं फ्रीझरमधून गोठवलेल्या फोडींची पिशवी काढली, कात्रीनं कोपरा कापला आणि फोडी थेट कढत तेलात सोडल्या. मक्याचे दाणे तसेच गोठवलेले. मेयोनीज बादलीतलं, सॉस बाटलीतला, चीज पाकिटातलं. आणि ट्रकच्या समोर, हाकेच्या अंतरावर, खेड तालुक्यातला एक शेतकरी बटाट्याचं पोतं उघडून बसला होता. त्याच्या पलीकडे कोवळ्या कणसांचा ढीग होता. ट्रकपुढची रांग वाढत वाढत त्या पोत्यापर्यंत आली होती. माणसं बटाट्याला पाठ करून बटाट्याचीच वाट बघत होती.

हे बाजार कुणाच्या हौसेखातर सुरू झालेले नाहीत. भाजीपाल्याची आडत वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली गेली. त्यावर आंदोलनं झाली, संप झाले, समित्या बसल्या. शेवटी जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि सावता माळी यांचं नाव देऊन शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान जोरात राबवलं. मळ्याच्या धन्यानं स्वतः तराजू धरावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या जागेवर येणाऱ्या गर्दीचा धंदा एखाद्याला करायचा असेल, तर त्या जागेचं काही देणं लागतं की नाही?

त्याच बाजाराच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, शिरूरकडच्या एका महिला बचत गटाची चूल असते. खरं तर गॅसची शेगडी, पण तवा लोखंडी आणि परात पितळी. तिथं मी बराच वेळ बसलो. पीठ ज्वारीचं, गटातल्याच एकीच्या शेतातलं. ताई कढत पाण्यात पीठ मळतात, तळहाताच्या टाचेनं रगडतात, परातीत भाकरी थापताना ती एका हाताच्या नुसत्या थापेनं गोल फिरत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची, मग थेट आचेवर. टम्म फुगली की पापुद्रा सुटतो आणि त्या वाफेचा जो वास येतो, त्याच्यापुढे मला बादलीतलं मेयोनीज आठवतसुद्धा नाही. सोबत वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा.

वांगी कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “ही काय, समोरच्या दादांची. किडकी नसतात हो, फक्त वाकडी असली की लोक घेत नाहीत. भाजल्यावर कुठं दिसतंय वाकडं-सरळ!”

ताईंच्या या बोलण्यात भाजी विकण्याचं सगळं अर्थशास्त्र आलं. सकाळी सातला मेथीची जुडी ज्या भावानं जाते, त्या भावानं ती अकराला जात नाही. बारा वाजता कोथिंबीर मान टाकते. उरलेला माल टेम्पोत घालून गावी परत न्यायचा तर भाडं अंगावर पडतं, म्हणून पडेल त्या भावात दिला जातो किंवा तिथंच टाकला जातो. लहान बटाटा, चिरलेला टोमॅटो, वाकडं वांगं गिऱ्हाईक बाजूला सारतं. या मालाला एकच खात्रीचं गिऱ्हाईक असतं, ते म्हणजे शेजारी पेटलेली चूल. तो गट सकाळी वांगी घेतो, उन्हं चढल्यावर उरलेली मेथी आणि पालक घेतो आणि दुपारच्या पिठल्या-भाजीची सोय लावतो. त्यांच्या एका ताटामागे त्या बाजारातल्या तीन-चार शेतकऱ्यांच्या हातात पैसे पडतात. ट्रकमधल्या माझ्या बशीतून त्या बाजारातल्या एकाही शेतकऱ्याला छदाम मिळाला नाही. आणि बशीची किंमत ताटाच्या जवळजवळ दुप्पट.

ट्रकवाल्यांची बाजूही मी ऐकून घेतली. ताज्या बटाट्याचे फ्राइज काळपट पडतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तळताना तो करपट होतो, म्हणून वेफर-फ्राइजसाठी वेगळ्या जाती लावतात. पण मग फ्राइजच का? याच बटाट्याचा वडा होतो, काचऱ्या होतात, उकडून तिखट-मीठ लावून परतला तरी पोरं बोटं चाटतात. मक्याच्या दाण्यांना तर तीही सबब नाही. कणीस सोलायला दहा मिनिटं लागतात.

‘लोकांना हेच हवं असतं’ हे दुसरं उत्तर. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, तिथं जाऊन हे वाक्य म्हणून दाखवावं. खापरावरच्या मांड्यांसाठी, हुलग्याच्या शेंगोळ्यांसाठी, थालीपिठासाठी लागलेल्या रांगेत कॉलेजची पोरं सर्वांत जास्त असतात. ज्वारीवरचा माझा हट्ट वाचकांना ठाऊक आहे, तो पुन्हा मांडतो. डोळ्यांसमोर थापलेली मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी आणि मैद्याचा पाव शेजारी शेजारी ठेवा, पाव उरेल. माझ्याकडे याचा सर्व्हे नाही, पण मला त्याची गरजही वाटत नाही.

ट्रकवाल्यांना याच बाजारातला माल वापरायची अट घालणं अव्यवहार्य आहे, असं बाजाराच्या संयोजकांपैकी एकजण म्हणाले. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून ग्रीनमार्केट नावानं शेतकऱ्यांचे बाजार भरतात. तिथं पाव-बिस्किटं विकणाऱ्या बेकरीवाल्यांना २०१० च्या सुमारास नियम लागू केला की पिठातलं किमान १५ टक्के त्या परिसरात पिकलेल्या धान्याचं असलं पाहिजे. बेकरीवाले पळून गेले नाहीत. परिसरातल्या गव्हाला आणि राईला मात्र हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे तर धान्य दळून आणायचीही गरज नाही, माल समोर पोत्यात पडलेला आहे.

तेव्हा संयोजकांना माझी विनंती आहे. ट्रक काढून टाकू नका, त्याच्यामुळे तरुण मंडळी बाजारात येतात आणि ती यायलाच हवीत. पण पुढच्या महिन्याची परवानगी देताना एक अट घाला. प्रत्येक पदार्थातली मुख्य भाजी याच बाजारातून, बाजारच्या भावानं घेतलेली हवी. ती कुठल्या गावच्या शेतकऱ्याकडून घेतली, ते खडूनं फळीवर लिहा. बचत गटाला टाकीजवळच्या कोपऱ्यातून उचलून दारापाशी आणा.

आणि वाचकांनो, येत्या रविवारी ट्रकच्या खिडकीशी उभे राहाल तेव्हा पैसे देण्याआधी एवढंच विचारा: यातलं या बाजारातलं काय आहे? चार रविवार शंभर माणसांनी हे विचारलं, तर पाचव्या रविवारी त्या खेडच्या शेतकऱ्याचं पोतं दहाच्या आत रिकामं होईल.