जगतापांचं पाकीट

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञान रंजन कथा स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली. नाव कुणाच्या ऐकिवातलं नव्हतं. कथा होती ‘कृष्णविवर’. परीक्षकांनी तिला पहिलं बक्षीस दिलं आणि मग उलगडा झाला, की असे कुणी जगताप नाहीतच. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी लावली की ना. वि. ज. होतात. कथा खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांची होती.

केंब्रिजहून परत येऊन त्यांना तेव्हा दोनच वर्षं झाली होती. वर्तमानपत्र येणाऱ्या घरात त्यांचं नाव माहीत नाही असं होत नसे. त्या नावाचा भार परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी ते काढूनच ठेवलं. पण नुसतं नाव बदलून भागणार नव्हतं. परिषदेतल्या मंडळींना त्यांचं अक्षर ओळखीचं होतं. म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी अख्खी कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. एकानं अहमदाबादच्या परिसंवादात भाषण रटाळ झालं म्हणून समोरच्या कागदांवर गोष्ट लिहायला घ्यावी, आणि दुसरीनं घरी बसून ती पानंच्या पानं नकलून काढावी, हे चित्र मला फार आवडतं. २०२५ च्या २० मे रोजी नारळीकर गेले. त्या रात्री मी त्यांचं ‘यक्षांची देणगी’ कपाटातून काढलं ते वाचायला म्हणून, पण बराच वेळ डोळ्यांसमोर होतं ते जगतापांच्या नावानं गेलेलं ते पाकीट.

या पाकिटाची आठवण त्याआधीही एकदा झाली होती, आणि तेव्हा जीव कळवळला होता. २०२३ साली चीनमधल्या ज्यांगसू प्रांतात तरुणांसाठी विज्ञानकथांची स्पर्धा झाली. तिच्यात ‘स्मृतींचा प्रदेश’ अशा अर्थाच्या नावाची एक कथा आली, तीही टोपणनावानं. सहा परीक्षकांपैकी तिघांनी तिला कौल दिला आणि तिला दुसऱ्या श्रेणीचं बक्षीस मिळालं. ती पाठवणारे शेन यांग हे बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातले प्राध्यापक. कथा मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेनं लिहिलेली होती. प्राध्यापकांनी तिला ६६ सूचना दिल्या आणि सुमारे ३ तासांत काम उरकलं. परीक्षकांपैकी एकाला वाचतानाच शंका आली होती. या कथेत भावना नाही, म्हणून त्या परीक्षकानं मत दिलं नाही.

शेन यांग यांनी हे दडवून ठेवलं नाही. प्रयोग म्हणून केलं आणि आपली रीत उघड सांगितली. त्यांना मी लबाड म्हणणार नाही. तरी ४९ वर्षांच्या अंतरानं घडलेल्या या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी येऊन बसल्या आहेत आणि उठत नाहीत. दोन्हीकडे प्राध्यापक, विज्ञानकथेची स्पर्धा, परकं नाव, बक्षीस. नारळीकरांनी आपलं नाव काढून घेतलं ते कथा एकटी उभी राहते का हे बघायला. बक्षीस लागल्यावर त्या नावामागून एक माणूस पुढं आला. किर्लोस्करांच्या मासिकातून त्याच्याकडं कथांची मागणी झाली, पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वळणाची दखल घेतली, आणि तो माणूस पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं मराठीत लिहीत राहिला. स्पर्धा कथांची असते असं आपण म्हणतो. खरं तर ती माणूस शोधायला असते. यंदा हा चांगला लिहितोय, मग पुढच्या वर्षी काय लिहील, ही त्यातली आशा. ज्यांगसूच्या त्या टोपणनावाकडून पुढच्या वर्षी कशाची वाट बघायची?

त्याच वर्षी अमेरिकेत जे झालं, ते एका कथेपुरतं नव्हतं. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ हे विज्ञानकथांचं मासिक नील क्लार्क २००६ पासून चालवत आहेत. कथा वाचकांना फुकट वाचता येतात, लेखकाला मात्र शब्दामागं पैसे मिळतात. त्या वेळी दर होता १२ सेंट. कथा पाठवायला ओळख लागत नाही, दलाल लागत नाही, फी लागत नाही. कुठल्याही देशातल्या कुणीही पाठवावी आणि आत बसलेल्या माणसांनी ती वाचावी, एवढाच करार. मोठी नावं मासिकं चालवतात हे खरं, पण विज्ञानकथा जगते ती या उघड्या दारावर. २०२३ च्या फेब्रुवारीत २० तारखेपर्यंत त्या दारातून माणसांनी लिहिलेल्या ७०० च्या आसपास कथा आल्या आणि यंत्राकडून लिहून घेतलेल्या ५००. क्लार्क यांनी दार लावून घेतलं. विज्ञानकथेच्या जगातली त्या वर्षीची ही सगळ्यात दुःखाची बातमी, असं मी आजही मानते.

त्या ५०० कथा पाठवणाऱ्यांना विज्ञानकथेशी देणंघेणं नव्हतं. घरबसल्या झटपट पैसे कसे कमवावे, हे शिकवणाऱ्या यूट्यूबवरच्या चित्रफिती बघून ते आले होते. अमुक मासिक पैसे देतं, यंत्राकडून कथा काढा, पाठवून द्या. त्याच सुमारास ‘असिमोव्ह्ज’ मासिकाच्या संपादक शीला विल्यम्स यांच्याकडं वीसहून अधिक कथा एकाच नावाच्या आल्या होत्या, ‘द लास्ट होप’. एकमेकांना न ओळखणाऱ्या वीस-बावीस लोकांनी यंत्राला कथा मागितली आणि यंत्रानं सगळ्यांच्या हातात तेच शीर्षक ठेवलं.

यात नवल काही नाही. ही यंत्रणा आधी लिहिलेल्या अफाट मजकुरावर शिकते, आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे बघत वाक्य पुढं नेते. सगळ्यांना सुचेल तेच तिला आधी सुचतं. विज्ञानकथेला नेमकं ते चालत नाही. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही नारळीकरांची कथा आठवा. आरशातल्यासारखी डाव्या-उजव्याची अदलाबदल आणि मोबियस पट्टी हा तिचा विषय. पाठ्यपुस्तकात तो वाचताना पोरं जांभया देतील. नारळीकरांनी तो गणपतीच्या सोंडेवर नेऊन ठेवला. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं-ओवळं सांभाळावं लागतं, हे ज्या घरात माहीत आहे त्या घरातल्या वाचकाला डावं-उजवं बदललं तर काय होतं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. केंब्रिजमधलं गणित आणि कोल्हापूरकडचं देवघर एकाच डोक्यात होतं, म्हणून ती गोष्ट झाली.

क्लार्क यांच्यापुढं सोपे उपाय होते. कथेमागं फी लावायची. मग जिथला पैसा डॉलरपुढं काहीच नाही, तिथले लेखक बाहेर. किंवा ओळखीच्या लेखकांच्याच कथा घ्यायच्या. मग नवखे बाहेर. किंवा यंत्राचं लेखन पकडणारी साधनं वापरायची. पण ती साधनंही भरवशाची नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच दाखवून दिलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून जास्त निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले होते. घोटून घोटून शिकलेल्या परक्या भाषेत माणूस जपून, मोजकी, सरळ वाक्यं लिहितो, आणि तेवढ्यावरून त्याच्यावर आळ येतो. क्लार्क यांनी यातलं काहीही पत्करलं नाही. येणाऱ्या कथांची चाळणी आपल्या पद्धतीनं बसवून त्यांनी मार्चमध्ये दार पुन्हा उघडलं. काम वाढलं, ते त्यांनी स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या अंगावर घेतलं. मला हा माणूस मोठा वाटतो.

वाटतो, कारण ते ओझं काय असतं ते मी यंदा जवळून पाहिलं. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या विज्ञानकथा माझ्याकडं वाचायला होत्या. एकीमागून एक गुळगुळीत कथा. शुद्धलेखन चोख, आणि शेवटी शास्त्रज्ञ गच्चीवर उभा राहून आकाशाकडं बघतोय. पुराव्यानिशी काही सांगता येत नाही, नुसता संशय वाढत जातो, आणि संशयानं वाचणं हे वाचणंच नव्हे. एक कथा मी अशीच, फार नीटनेटकी आहे म्हणून बाजूला ठेवली होती. ती एका निवृत्त मराठी शिक्षिकेची निघाली. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईंची वाक्यं नीटनेटकी नसतील तर कुणाची असतील? मी ती पुन्हा, पहिल्यापासून वाचली. छापावी असं कळवलं.

आणि त्याच गठ्ठ्यात, वहीच्या पानांचे फोनवर काढलेले फोटो होते. परभणी जिल्ह्यात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाची कथा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ओळीओळीला. कथेत ग्रामपंचायत विहिरीतला गाळ काढणारं यंत्र आणते. यंत्र खाली उतरतं आणि वर खोली कळवतं, मीटरमध्ये. काठावरचा म्हातारा म्हणतो, मीटर मला कळत नाही, परस सांग. यंत्र विचारतं, परस म्हणजे काय? म्हातारा म्हणतो, माणसाची उंची. यंत्र विचारतं, कुणाची?

इथं मी थांबले आणि पाणी प्यायले.

म्हातारा म्हणतो, ज्यानं खोदली त्याची, माझ्या थोरल्या भावाची, पण तो आता नाही. मग यंत्र विहिरीच्या भिंतीत उतरण्यासाठी केलेल्या खोबणी मोजतं. दोन खोबणींमधल्या अंतरावरून ते खोदणाऱ्याच्या पायाचा आवाका काढतं, त्यावरून उंची, आणि मग वर सांगतं, सात परस.

त्यानंतर कथा बिघडली होती. मुंबईहून एक शास्त्रज्ञ येतो आणि दोन पानं सगळं समजावून सांगतो. मी फोन लावला.

“मॅडम, तुमचा फोन येईल असं वाटलं नव्हतं. साभार परत येईल असंच धरलं होतं.”

“खोबणींवरून उंची काढायची, हे तुम्ही कुठं वाचलंत?”

“वाचलं नाही. आमच्या आज्यानं खोदलेली हीर आहे. मोटार काढायला मीच उतरतो. माझा पाय पुरत नाही खालच्या खोबणीला. म्हणजे आज्या उंच असणार.”

फोटो आहे का आजोबांचा, म्हणून विचारलं. नव्हता. शास्त्रज्ञ काढून टाका आणि पुढचा अर्धा पुन्हा लिहा, असं मी सांगितलं. तो म्हणाला, पावसानं ताण दिलाय, मोटारी जळून यायला लागल्यात, गणपतीपर्यंत वेळ द्या.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी नऊ पानांचे फोटो आले. मुंबईचा शास्त्रज्ञ गेला होता. विहिरीत पुढं यंत्र उतरत होतं आणि त्याच्या मागोमाग, एकेक खोबण पायानं चाचपत, म्हातारा.