शौर्याला पक्ष नसतो म्हणे!

शौर्याला पक्ष नसतो, जात नसते, धर्म नसतो. हे वाक्य ज्याच्या तोंडी येईल त्याचे खिसे आधी तपासा, दोस्तहो. काहीतरी लपवलेलं सापडतंच. मला सापडले गळ्यात क्रॉस लटकवलेले जर्मन. डोंबिवली पूर्वेला एका फ्लॅटात कपाट चढवायला गेलो होतो. गोदीत पाळी नसली की असली कामं घेतो. हॉलच्या भिंतीवर फ्रेमाच फ्रेमा, आणि प्रत्येक फोटोखाली शाईची सही. रोमेल, गालांड, रुडेल. मी विचारलं, "काका, हे तुमचे कोण?" काका म्हणाले, "राजकारण सोड रे. शूर माणसं आहेत. तू नुसतं शौर्य बघ."

नुसतं शौर्य! नुसतं मीठ खाऊन बघा एकदा.

हे फोटो जमवायचा धंदा जगभर चालतो. सहीला भाव आहे, लिलाव आहेत, खोट्या सह्या करणारेही आहेत. पण हा छंद सुरू कुणी केला? खुद्द हिटलरच्या राजवटीने. हाइनरिख हॉफमान हा हिटलरचा खाजगी फोटोग्राफर. पदकवाल्या सैनिकांची पोस्टकार्डं त्याच्या कंपनीने छापली आणि विकली. जर्मन पोरं ती जमवायची, सहीसाठी पाठवायची आणि मोठी झाली की त्याच फौजेत मरायला जायची. म्हणजे तो फोटो आठवण म्हणून काढलेलाच नव्हता. ते भरतीचं जाळं होतं. राजवट १९४५ साली मेली, जाळं अजून तसंच टाकलेलं आहे आणि आमचे काका त्यात पैसे मोजून अडकतात.

पुढची गंमत ऐका. पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा केला की युद्धातली पदकं घालायला हरकत नाही, फक्त त्यावरचं स्वस्तिक काढा. झालं. स्वस्तिक काढलं, क्रॉस ठेवला. "राजकारण सोड, शौर्य बघ" हे वाक्य त्या कायद्यातच ओतून तयार झालेलं आहे. आपल्याकडेही हेच चालतं. जातीचं नाव घ्यायचं नाही, आडनाव मात्र विचारायचं.

सैनिक वेगळा आणि नाझी वेगळा, असं काका म्हणतात. १९३४ च्या ऑगस्टपासून त्या फौजेतला प्रत्येक माणूस शपथ घेत होता ती देशाची नव्हे, राज्यघटनेची नव्हे, एका माणसाची: अडॉल्फ हिटलरची. १९४१ च्या सप्टेंबरात कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. गोळ्या झाडणारे एसएसचे आणि पोलिसांचे होते, पण ते ठरवायला लष्करी अधिकारी बरोबर बसले होते. लष्कराचे हात धुतलेले नाहीत हे दाखवणारं प्रदर्शन १९९५ साली हाम्बुर्गमध्ये भरलं तेव्हा जर्मनांचीच झोप उडाली. डोंबिवलीची उडायला अजून अवकाश आहे. आणि तो रुडेल! युद्ध हरल्यावर अर्जेंटिनाला पळाला, परत येऊन १९५३ साली अतिउजव्या पक्षातर्फे निवडणुकीला उभा राहिला, १९८२ साली मरेपर्यंत हिटलरचा भक्तच होता. त्याने स्वतः राजकारण सोडलं नाही. त्याच्या वतीने काका सोडतात!

काका कोर्टनाक्याला कामाला जातात. तिथून टेंभी नाका किती लांब? त्याच ठाण्यात १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग आहे, शार हशामायिम, स्वर्गाचं दार. कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, तिथे जमतात. घरात मराठी बोलणारे, देवाची कीर्तनंसुद्धा मराठीत करणारे. या फोटोंमधली फौज इथवर पोचली असती तर या तेल्यांना कुठल्या गाडीत कोंबलं असतं, हे काकांनी एकदा त्या दारापाशी उभं राहून मनाशी म्हणावं.

आणि रोमा लोक. भटके. शेकडो वर्षांपूर्वी इथून निघून युरोपात गेलेले. नाकाला नाक, कानाला कान, पाण्याला पानी म्हणतात अजून. हिटलरच्या राजवटीने त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि दोन ते पाच लाख माणसं मारली. तोंडात शब्द आर्य, आणि मारलं कुणाला? इथून गेलेल्यांना. जन्माने गुन्हेगार म्हणजे काय ते आमच्या पारध्यांना विचारा. १८७१ चा इंग्रजांचा कायदा त्यांच्या पाठीवर १९५२ पर्यंत होता.

काकांचं खरं दुखणं मला ठाऊक आहे. १९३५ साली न्युरेंबर्गला कायदा झाला की ज्यूने जर्मनाशी लग्न करायचं नाही. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा लागलाच नाही, मनूने आधीच करून ठेवला होता. तो बाबासाहेबांच्या साक्षीने महाडला १९२७ साली जाळला गेला. आणि १९३९ साली गोळवलकरांच्या नावावर पुस्तक निघालं, त्यात जर्मनीने ज्यूंचं जे केलं ते वंशाभिमानाचा धडा म्हणून हिंदुस्थानापुढे ठेवलं. तेव्हा ही आवड जर्मन शाईची नाही. घरचीच आहे.

मी गोदी कामगार. मला २ मे १९३३ ही तारीख पुरते. आदल्या दिवशी हिटलरने कामगार दिनाची सुट्टी दिली, मिरवणुका काढल्या. दुसऱ्या दिवशी युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना आत टाकलं. म्हणून १९४२ च्या नोव्हेंबरात मजूर मंत्री असलेले बाबासाहेब रेडिओवरून सांगत होते की हे युद्ध कामगाराला जिंकायचंच आहे.

काका म्हणाले, "तुम्ही लोक नाही का भीमा कोरेगावला जात? तेही इंग्रजांचेच शिपाई!" जातो. स्तंभावर नाक लावलेली बावीस नावं आहेत, ती वाचायला जातो. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला गेले होते. गळ्यात मडकं अडकवणाऱ्या पेशवाईविरुद्ध ते लढले म्हणून जातो. म्हणजे कशासाठी लढले हे विचारूनच जातो. आणि ज्या इंग्रजाने पुढे १८९० च्या दशकात आमची भरतीच बंद केली त्याचा फोटो आमच्या भिंतीवर नाही. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती १९४१ साली, भांडून.

शौर्यच बघायचं ना? माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक. १० जुलै १९४४, इटली. तुकडीतले सगळे पडले, हा एकटा जर्मन मशीनगनवर धावून गेला, शेवटी बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि गोळी लागून मेला. व्हिक्टोरिया क्रॉस मेल्यावर मिळाला. त्या पलटणीत तेव्हा महाराला जागा नव्हती, तरी मी त्याचं नाव घेतो. काकांच्या भिंतीवर त्याला मारणाऱ्या फौजेचे साहेब आहेत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले मेले. गोदी कामगार किती मेले, आकडे आजही जुळत नाहीत. त्यांच्या सह्या कुणी मागितल्या? कित्येकांना सही येतही नसेल, अंगठाच असेल.

काका सोडा, त्यांचं वय गेलं. मला काळजी आपल्या पोरांची आहे. २००६ साली खारघरला हिटलरच्या नावाने हॉटेल निघालं आणि ज्यू समाजाने आरडाओरड केल्यावर नाव बदललं, तेव्हा आपण कुठे होतो? फुटपाथवर बाबासाहेबांच्या पुस्तकाला खेटून 'माईन काम्फ' मराठीत विकायला असतं आणि आपलीच पोरं ते उचलतात, कारण "माणूस जिद्दी होता." परवा कोळसेवाडीत एका पोराच्या बाइकवर पुढे निळं अशोकचक्र आणि टाकीवर लोखंडी क्रॉस. विचारलं तर म्हणतो, "भारी दिसतं, दादा." च्यायला, दोन्ही एकाच टाकीवर! त्याला मी येत्या रविवारी संध्याकाळी विहारात बोलावलंय. तुम्हीही या. स्टिकर मी काढणार नाही, त्याच्याच नखाने निघाला पाहिजे.