गणपतीच्या गोळ्या आणि उरलेलं वर्ष

श्रावण लागला की परदेशातल्या आपल्या मंडळाच्या बायकांच्या गटावर एक प्रश्न हमखास येतो: गणपतीला गावी चाललेय, पाळी पुढे ढकलायची गोळी कधी सुरू करू? रत्नागिरीकडचं पूर्णगड असो, गावखडी असो की पावस, सोवळ्याच्या दिवसांत ‘अडचण’ नको. बाप्पाची हरकत असेल असं आम्हाला वाटत नाही, पण तो ज्या त्या घरचा प्रश्न. ती गोळी, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात लांबचा विमानप्रवास आहेच, तोही गुठळीचा धोका वाढवतो.

पाच दिवसांची एवढी आखणी करणाऱ्या आपण उरलेल्या वर्षाबद्दल मात्र गप्प. पूर्णगडच्या खाडीवरून घाटी चढताना जाऊबाईंना दम लागतो, त्या म्हणतात वय झालं. भांडी आवरल्यावर, पुरुष माणसं निजल्यावर कळतं, की दर महिन्याला आठ-नऊ दिवस अंगावरून जातंय, गाठी पडतायत, रात्री दोनदा उठावं लागतंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. सगळा दोष पाळीचा नाही, ताटातल्या लोहाचाही आहे. पण हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासल्याशिवाय वयाला बोल लावू नये.

पुस्तकात 80 मिलिलिटरच्या वर गेलं की अतिस्राव. मोजतं कोण? रोजच्या कामात आडवं येतंय, एवढं पुरे. कारण फायब्रॉइड असेल, थायरॉइड असेल, चाळिशीनंतर बीज वेळेवर न सुटणं असेल. पहिल्या पाळीपासूनच धो-धो जात असेल तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोषही असू शकतो. नेमकं कारण शोधायला रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, पंचेचाळिशीनंतर बहुधा अस्तराचा तुकडाही.

उपायांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे, 1962 साली जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर दाम्पत्याने जगापुढे आणलेलं. स्रावाच्या दिवसांतच घ्यायचं, आणि स्राव बराच आटोक्यात येतो. गुठळीचा इतिहास असलेल्यांनी मात्र इथेही थांबावं. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारी ‘टी’ गर्भाशयात बसवली तर पहिले काही महिने थेंब थेंब लागतं, मग अनेकींची पाळी अगदी नाममात्र उरते. तांबी आधीच असेल तर ती स्राव वाढवते, दोघींची गल्लत नको.

आणि तरीही गावाकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘पिशवी काढून टाका’. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं वास्तव आलं: तपासणी झालेल्या 82 हजारांवर स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं. पाळीमुळे बुडणारी मजुरी हे त्यामागचं एक कारण. काही आजारांत शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो, ते नाकारत नाही. पण बीजकोशही निघाले तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं झिजू लागतात, आणि हे आधी कुणी सांगत नाही.

तेव्हा या वेळी गावी गेल्यावर बहिणीचे, जावेचे कागद मागून घ्या. सोनोग्राफीचा अहवाल आणि हिमोग्लोबिनचा आकडा यांचा फोटो काढा, ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर त्याआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. तासाला एक पॅड दोन तास सलग भिजत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसलं, तर आरती आटपायची वाट पाहू नका. गाडी काढा आणि रत्नागिरी गाठा.