गन घेण्याआधी मास्क घे, भावा!

भिवंडीत धंद्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मशीन कितीचं?' लूमच्या जमान्यात हाच होता, आजही तोच आहे. बदललंय ते फक्त मशीन. धामणकर नाक्यावर चहा मारताना आमच्या वयाच्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक नवीन रील फिरतंय. पांढरा सूट घातलेला माणूस हातातली गन छताकडे रोखतो, फर्रर्र करून फवारा मारतो आणि काही सेकंदांत पत्र्याखाली पिवळट फेस फुगून कडक होतो. बघायला जाम भारी वाटतं. खाली कमेंटमध्ये अर्थातच मशीनचा रेट विचारणाऱ्यांची रांग.

आपल्याकडे याला पफ स्प्रे म्हणतात. म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा थर, जो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. भिवंडीत याला गिऱ्हाईक आहे हे सांगायला एमबीए व्हायची गरज नाही. अंजूर फाट्यावरून माणकोली, दापोडा, काल्हेरकडे गेलं की नजर जाईल तिथे पत्र्याची गोडाऊन. सणांच्या सीझनला आपल्यातलेच कितीतरी जण तिथे पार्सल स्कॅन करायला जातात. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली उभं राहिलेल्याला इन्सुलेशन म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. मालक माणसांसाठी खर्च करेल की मालासाठी हा वेगळा विषय, पण खर्च करायला लागलेत हे खरं.

माझ्या एका वर्गमित्राच्या घरी सध्या हीच चर्चा चालू आहे. वडिलांचे १२ लूम आहेत, धंदा मंद आहे. लूम किलोच्या भावाने भंगारात काढायचे आणि त्या पैशात स्प्रे मशीन घ्यायचं, असा प्लॅन. मला या धंद्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खरेदीच्या क्रमाबद्दल. मशीन ही यादीतली शेवटची वस्तू असायला हवी, आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात.

आधी हे चालतं कसं ते बघा. दोन ड्रम असतात. एकात आयसो, म्हणजे आयसोसायनेट. दुसऱ्यात पॉलिओल आणि त्यात मिसळलेली इतर रसायनं: फेस फुगवणारं, रिॲक्शनचा वेग वाढवणारं, आग रोखणारं. मशीन ही दोन्ही द्रव्यं तापवून, मोठ्या दाबाने, तापत्या होजमधून गनपर्यंत नेतं आणि गनच्या तोंडाशी ती एकास एक मापात मिसळतात. सगळा खेळ या मापाचा. आयसो जास्त झाला की फोम ठिसूळ, पॉलिओल जास्त झालं की मऊ, आकसणारा, वास मारणारा. स्वस्त मशीन आणि नावाजलेलं मशीन यांच्या किमतीत कित्येक पट फरक असतो, तो बहुतांशी या मापाचा आणि तापमानाचा. मशीन सेकंडहँड घेत असाल तर रंग बघू नका, माप किती अचूक राहतं ते चालवून बघा. आणि होज नवीनच घ्या. आयसोला ओलावा लागला की त्याचे खडे होतात आणि जुन्या होजमध्ये ते आधीच बसलेले असू शकतात.

आता माल. इथे गणित करू, सोपं आहे. १०,००० चौरस फुटांचं गोडाऊन म्हणजे साधारण ९३० चौरस मीटर छत. २५ मिलिमीटरचा थर म्हटलं तर २३ घनमीटर फोम. घनता ४० किलो प्रति घनमीटर धरली तर ९३० किलो माल, पत्र्याच्या नळ्या आणि वाया जाणारं धरून एक टनाच्या वर. आता कोणी घनता ३०वर आणली तर? सुमारे २३० किलो माल वाचला, आणि खालून बघणाऱ्याला काहीही कळणार नाही. रेटची मारामारी इथेच जिंकली जाते. ज्या पोराला तीन कोटेशनांत सगळ्यात खाली राहायचंय, त्याला एक दिवस हा मोह होणारच.

गंमत म्हणजे ही चोरी पकडायला लॅब लागत नाही. २० सेंटिमीटर लांब, २० रुंद, अडीच जाड असा सपाट तुकडा कापा. तो बरोबर एक लिटरचा होतो. ४० घनतेचा असेल तर आईच्या किचनमधल्या वजनकाट्यावर ४० ग्रॅम भरेल. नवीन धंदेवाल्याने हा काटा स्वतःच घेऊन जावा आणि गिऱ्हाइकासमोर तुकडा मोजावा. यापेक्षा चांगली जाहिरात मला तरी सुचत नाही, आणि मी मास कॉम केलंय!

पॉलिओल घेताना आणखी एक प्रश्न विचारायचा: फेस कशाने फुगतो? पूर्वी त्यासाठी एचसीएफसी-१४१बी नावाचं रसायन वापरलं जायचं. ते ओझोनचा थर खातं, म्हणून भारताने १ जानेवारी २०२०पासून त्याच्या आयातीचे परवाने बंद केले. आता पाणी, एचएफसी किंवा त्याहून नवीन, महागडे एचएफओ असे पर्याय आहेत. एचएफसीचं प्रमाणही २०३२पासून टप्प्याटप्प्याने खाली आणायचं आपण किगाली करारात कबूल केलंय. ड्रमवर काहीच लिहिलेलं नसेल आणि विकणारा 'टेन्शन मत लो' म्हणत असेल, तर टेन्शन घ्या.

खरं टेन्शन मात्र दोन गोष्टींचं आहे, आणि रीलमध्ये दोन्ही दिसत नाहीत.

पहिली, फुप्फुसं. आयसो म्हटलं की भोपाळ आठवलं पाहिजे. १९८४ला तिथे गळला तो मिथाइल आयसोसायनेट. फोममधला एमडीआय त्याच कुळातला, पण हवेत फार कमी उडणारा. ड्रममध्ये तो निवांत असतो. तोच तापवून बारीक तुषार करून मारला की श्वासात जातो. याने दमा होतो, आणि एकदा शरीर चिडलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येऊ शकतो. मग इलाज एकच, धंदा सोडणं. कोविडचा उरलेला एन-९५ इथे कामाचा नाही, तो वाफ अडवत नाही. पूर्ण चेहरा झाकणारा, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि ती हवा गनच्या तेलकट कॉम्प्रेसरमधून घ्यायची नसते. हे गन मारणाऱ्यासाठी झालं. खाली शिडी धरणारा, होज ओढणारा हेल्परही तीच हवा घेतो. नाक्यावरून सकाळी उचललेल्या त्या माणसासाठी दुसरा मास्क बजेटमध्ये आहे का? आणि फवारणीनंतर साधारण २४ तास तिथे विनामास्क कुणी जायचं नसतं. गोडाऊनवाला रात्रीच्या शिफ्टला माणसं आत घेऊ म्हणाला तर त्याला 'नाही' म्हणायची तयारी हवी.

दुसरी, आग. गोडाऊनला आग ही भिवंडीची नेहमीची बातमी. उघडा पफ पेटला की वेगाने पेटतो, काळा धूर होतो आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतं. २००३मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या 'स्टेशन' नाइटक्लबमध्ये आवाज अडवायला भिंतीवर लावलेला असाच उघडा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. तो मऊ फोम होता, आपला कडक, पण कूळ एकच. तिकडच्या बांधकाम नियमांत फोम आणि माणसं यांच्यामध्ये १५ मिनिटं तग धरणारा अडथळा लागतो, उदाहरणार्थ अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. आपल्याकडे पिवळा फोम तसाच उघडा सोडायचा आणि खाली पुठ्ठ्याची खोकी छताला टेकेपर्यंत रचायची.

म्हणून कोटेशनमध्ये आगरोधक लेपाची ओळ पहिल्या दिवसापासून असावी, गिऱ्हाइकाने खोडली तर त्याच्या सहीने. आणि लूमच्या शेडमध्ये उघडा फोम मारूच नये, असं माझं मत आहे. जिथे हवेत कापसाची रुई उडते, वायरिंग वडिलांच्या काळातलं असतं, तिथे छतावर बाहेरून पांढरा कूल रूफ रंग आणि दोन-चार टर्बो व्हेंटिलेटर बरे. ते कमी थंड करतील, पण रात्री झोप लागेल. मित्राला हे पटलेलं नाही. त्याच्या डोक्यात पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेजारचे लूमवालेच आहेत.

मग हप्ता. पीएमईजीपी योजनेत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के अनुदान, स्वतःचे १० टक्के. ऐकायला छान. पण ओल्या पत्र्याला फोम धरत नाही, फोड येतात. म्हणजे जून ते सप्टेंबर काम रखडणार, ईएमआय नाही रखडणार. शिवाय नव्या गोडाऊनला बऱ्याचदा थ्री फेज लाइन आलेली नसते, म्हणजे जनरेटर, तो वाहायला टेम्पो, डिझेल. मशीनच्या रेटमध्ये यातलं काहीच धरलेलं नसतं.

मित्राला मी एवढंच सुचवलंय की येत्या नोव्हेंबरपासून मेपर्यंत एखाद्या चालू ठेकेदाराकडे होज ओढायला जा. जाताना स्वतःच्या मापाचा मास्क विकत घेऊन जा. लूम तोपर्यंत राहू देत, भंगारवाला कुठे पळून जात नाही.